भट्टीवाले साहेब आणि चुलीचा देव

सगळ्या कुवेतमध्ये स्वतःच्याच स्वयंपाकघरात तोंड सांभाळून बोलणारा एकच माणूस होता आणि तो फिंतासला आमच्या इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावर राहत होता. शुऐबाच्या कारखान्यात ते भट्ट्यांचे इंजिनियर, मी उपकरणांचा. ते मूळचे नाशिकचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला 'अहो इन्स्ट्रुमेंटवाले' म्हणायचे. मॅनेजरला शिव्या घालायच्या असल्या की साहेब गॅस बारीक करत, बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेत, मनसोक्त शिव्या घालत आणि परत येऊन शांतपणे भाजी हलवत. कारण शेगडीच्या वर भिंतीवर एक लाल-पिवळं चित्र चिकटवलेलं होतं. लांब मिशांचा, गुबगुबीत गालांचा चिनी देव. मी जरा मोठ्यानं बोललो तर साहेब मला दटावत, "हळू! हे वर्षभर सगळं ऐकतात आणि वर जाऊन सांगतात."

हा चुलीचा देव त्यांना चीनमध्ये भेटला. कारखान्याच्या नव्या भट्ट्या तिकडे तयार होत होत्या, तेव्हा तपासणीसाठी कंपनीनं त्यांना वर्षभर पाठवलं होतं. ज्या घरात ते राहिले तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीनं त्यांना हे सगळं शिकवलं. चिनी वर्ष संपायला आठवडाभर उरला की 'छोटं नवं वर्ष' येतं. त्या दिवशी चुलीचा देव घोड्यावर बसून स्वर्गात जातो आणि तिथल्या सम्राटाला या घरात वर्षभर काय काय घडलं ते सांगतो. म्हणून आधी घर झाडूनपुसून घ्यायचं, घोड्यासाठी चारा-पाणी ठेवायचं, देवाच्या ओठांना तिळाची चिकट मिठाई फासायची आणि मग चित्र जाळून त्याला वर धाडायचं. तोंड गोड झालं म्हणजे तो गोड बोलतो, आणि नाहीच बोलला तरी निदान दात चिकटून बसतात. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी नवं चित्र लावलं की देव परत हजर. "आयुष्यभर भट्ट्या राखल्या," साहेब म्हणत, "आता चुलीच्या देवाला ओळख नाही दाखवायची?"

साहेब हा सण मराठी कॅलेंडर बघून करत. त्यांच्या हिशेबानं पौषातली वद्य अष्टमी आली की चीनमध्ये छोटं नवं वर्ष, आणि हा हिशेब एखाददुसरा दिवस इकडेतिकडे होऊन बहुतेक वेळा जमायचा. मिठाईचीही सोय होती. वहिनी नाशिकहून कुणाबरोबर तरी तिळगूळ पाठवत. संक्रांत होऊन गेल्यावर पोचणारे ते लाडू साहेब कढईत वितळवून देवाच्या तोंडाला लावत. तिकडे काही घरांत देवाला दारूही पाजतात, म्हणजे वर गेल्यावर त्याला धड काही आठवत नाही. पण कुवेतमध्ये ती कुठून आणणार? देवाला बार्लीच्या सरबतावर भागवून घ्यावं लागे. बायकांनी ही पूजा करू नये असा तिकडे जुना प्रघात. "चला," साहेब रिकाम्या घराकडे बघत म्हणत, "हा नियम तरी आपोआप पाळला जातो."

एका वर्षी चित्र जाळताना स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा वाजला आणि इमारतीचा इजिप्शियन हारिस, म्हणजे आमचा रखवालदार, धापा टाकत वर आला. "एह दा, या बाशमुहंदिस!" हे काय चाललंय, इंजिनियरसाहेब, असं तो दारातूनच ओरडला. साहेबांनी शांतपणे त्याच्या तोंडात गरम तिळगुळाचा गोळा घातला. हारिसची बोलती बंद झाली ती झालीच. धूर कसला होता, हे घरमालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण एक गोष्ट मला हसता हसता टोचायची. साहेब रोज संध्याकाळी वहिनींना फोन करायचे, तो मात्र बाल्कनीत जाऊन. "अगं, काय करू, कंपनी सोडतच नाही," हे वाक्य माझ्या बाल्कनीतही ऐकू यायचं. खरं तर कंपनी त्यांना केव्हाच निरोप द्यायला तयार होती. दरवर्षी साहेबच जाऊन मुदतवाढ मागून आणत. मला हे माहीत होतं आणि मी गप्प होतो. त्याहून वाईट म्हणजे, मुदतवाढ मिळाली की मला आनंद व्हायचा. माझी बायको आणि मुलगी शिक्षणासाठी पुण्याला परतल्या होत्या. मुलगी फोनवर इंग्रजीत दोन शब्द बोलून आईकडे फोन द्यायची. साहेबही गेले असते तर शुक्रवारची सुट्टीची दुपार मी कुणाकडे काढली असती?

हा देव झाला कसा, याचीही गोष्ट साहेब दरवर्षी सांगत आणि दरवर्षी अर्धीच सांगत. एक माणूस होता. चांगली बायको सोडून तो दुसरीच्या मागे गेला. पुढे सगळं गेलं, डोळेही गेले, भीक मागायची वेळ आली. एका दारात त्याला एका बाईनं आत बोलावून गरम जेवण वाढलं. इथवर आलं की साहेब उठत. "बाकीचं पुढच्या वर्षी."

गेल्या वर्षी मात्र ते उठले नाहीत. हातात तिळगुळाचा चमचा तसाच. "ती त्याचीच बायको होती. डोळे उघडून बघ म्हणाली, आणि त्याला दिसायला लागलं. लाज वाटून त्यानं चुलीत उडी घेतली. त्याचाच पुढे देव केला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं बायको दुसरीसाठी सोडली. मी भट्टीसाठी. आता जाऊन त्या घरात बसू कुठे, तेच कळत नाही हो."

चमचा त्यांनी खाली ठेवला. "यंदा गोड नको. ह्यांनी जे पाहिलं ते सांगू दे." आणि तिथेच, शेगडीसमोर, वहिनींना स्पीकरवर फोन लावला.

"काय हो, आज एवढ्या लवकर?"

"अगं, कंपनी मला अडवत नाही. कधीच नव्हती अडवत. मीच राहत होतो."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुमचे इतके लाड कोणती कंपनी करेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

साहेबांचा आवाज एकदम लहान झाला. "मग... येऊ का?"

"येऊ का म्हणजे? या की! पण पाहुण्यासारखं हॉलमध्ये बसून चहा मागायचा नाही."

उन्हाळा लागायच्या आत साहेब गेले. जाण्याआधी स्वयंपाकघर रिकामं करताना त्यांनी उरलेली वाटीभर मोहरीसुद्धा मला दिली, विमानातून कुठे न्यायची म्हणून. वरच्या घरात आता एक लेबनानी कुटुंब आलंय. त्यांची मुलं दिवसभर धावतात आणि मी त्यांच्याबद्दल तक्रार करत नाही.

परवा साहेबांचा फोन आला. चुलीच्या देवाला नाशिकच्या ओट्यावर जागा मिळालेली नाही. "ही म्हणते, मला स्वयंपाक करताना बघत बसायला एक पुरुष पुरे." मी पुष्कळ हसलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी जाताय पुण्याला?" मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पलीकडून वहिनींची हाक आली, "अहो, हा डबा उघडत नाहीये." साहेब "आलो, आलो" म्हणत फोन ओट्यावरच ठेवून गेले आणि बहुधा विसरले. डब्याची खटपट, कुकरची शिट्टी, "जोर लावा की जरा," मग दोघांचंही हसणं. मी इकडे खुर्चीवर बसून ते ऐकत राहिलो. फोन ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही.