बातमीचा तास
ताम्हिणी घाटात भाजक्या कणसांचा वास आला की सातवीचा वर्ग आठवतो. बाईंनी ताज्या बातम्यांवर गटागटानं नाटुकली बसवायला सांगितली होती. आमच्या गटाला डंपरच्या अपघाताची बातमी आली. दाणे काढलेल्या कणसाला काळा कागद गुंडाळून मी माईक केला आणि वार्ताहर झाले. मेलेल्या माणसाची बायको व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा वर्गात नव्यानं आलेली मेंढरंवाल्यांची मुलगी उठली. मी माईक पुढे करून विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय?" ती म्हणाली, "त्यांची भाकर थापलीया. आता कुनाला वाढू?" बाई म्हणाल्या, "छान करतेस गं." "माज्या आईनं असंच इचारलं व्हतं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. आता मीच शिकवते. बातम्यांचा तास घेण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन येते.