वहिनीच्या हातचं पान

दादा गेल्याचा त्याच्या मुलाचा, रवीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. रिसीव्हर ठेवला आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. सगळे खडे काढून झाल्यावरच गौलीगुड्याहून जामबागला, थोरल्या भावाच्या घरी निघाले. आता दीड महिना होत आला. अजून रडू आलेलं नाही... येईल तेव्हा येईल.

दादाची सगळी नोकरी आबकारी खात्यात गेली. चोरटी अफू पकडण्यात त्याचा हातखंडा होता आणि ते रंगवून सांगण्यात तर त्याहून! निवृत्त झाला आणि काही वर्षांत कॅन्सर मणक्यात उतरला. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. कोटी बाजारातल्या दुकानांत तेव्हा परदेशी चॉकलेटांपासून टीव्हीपर्यंत सगळं मिळायला लागलं होतं, पण या गोळ्यांसाठी रवी शहरभर वणवण फिरला. आणि त्या मिळाल्यावर दादा म्हणाला, "नक्को. ही अफूच की. जन्मभर अफीमची पकडले, आता मीच होऊ?"

डॉक्टर घरी येऊन समजावून गेले, "साब, नशा नहीं, दर्द की दवा है." दादाने त्यांना आग्रहाने चहा पाजला, गोळी मात्र घेतली नाही. कूस बदलताना उशीचा अभ्रा दातांत धरायचा. मला संताप यायचा. एवढा कसला ताठा?

वहिनी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. जेवण झालं की तिच्या हातचा विडा खायचा, हा दादाचा लग्नापासूनचा नेम. आजारात पान बंद झालं, तसं पानदान कोनाड्यात गेलं होतं. एका दुपारी तिने ते काढलं, पान पदराला पुसलं, त्यावर गोळी ठेवली आणि हात पुढे केला.

"माझ्या हातचं कधी परत केलं नाहीत."

 दादाने गोळी उचलली... पान तिच्याच हातावर ठेवलं. "हे तू खा."

त्या संध्याकाळी तो उशांना टेकून बसला, क्रिकेटवरून रवीशी भांडला. पुढे गोळ्या वेळच्या वेळी, पण पानावरूनच. दुखणं पुरतं गेलं नाही, पण अभ्रा पुन्हा दातांत गेला नाही.

परवा जामबागला जेवले. हात धुऊन आले तर वहिनी पानदान उघडून बसलेली. तिने पान पुसलं, देठ खुडला आणि सवयीने दादाच्या पलंगाकडे हात केला. हात तसाच राहिला.

मी पान खात नाही. पलंगावर जाऊन बसले आणि ते घेतलं.