रविवार लवकर उगवतो

मस्कतजवळच्या सीबमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रेजिना तुस्कानोने चौतीस वर्षं संसार केला, पण तिचा अर्धा जीव चर्चच्या आवारातल्या एका खोलीत होता. ओमानात सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे मोठी मिस्सा शुक्रवारी आणि मिस्सेनंतर मुलांचं धर्मशिक्षणही शुक्रवारीच. वसईच्या घरांतल्या लहानग्यांचा मराठी वर्ग सत्तावीस वर्षं तिच्याकडे होता. एके काळी चटईवर मांडीला मांडी लागायची. आता सात मुलं उरली होती.

आणि रेजिनाकडे उरले होते तीन आठवडे. नवरा मॉरिस निवृत्त झाला होता, व्हिसा संपत आला होता. ईस्टर झाला की दोघं वसईतल्या वाघोलीच्या घरी कायमची परतणार होती. फादरांनी तिला सांगून टाकलं, "टीचर, तुमच्या जागी कोणी मिळालं नाही, तर ही मुलं इंग्रजी वर्गात बसवावी लागतील."

रेजिनाच्या मनात एकच नाव होतं. उत्तरा. तिची जुनी विद्यार्थिनी, मस्कतमध्येच वाढलेली, अल् खुवैरला ऑफिसात जाणारी, सहा वर्षांच्या इव्हानाची आई. वर्ग घे म्हटलं की उत्तरा दर वेळी हसून टाळायची.

"टीचर, माझं मराठी ऐकून देवच म्हणेल, बाई, तू इंग्लिशमध्ये बोल."

"आधी त्याची तक्रार येऊ दे, मग बघू," रेजिना म्हणायची. पण घरी आल्यावर मॉरिसवर उगाच खेकसायची.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारासाठी वसईत नारळाच्या कोवळ्या पातीचे छोटे क्रूस वळतात आणि वर्षभर दारावर लावून ठेवतात. इथे आल्यावर पहिल्या वर्षी रेजिनाने खजुराच्या पातीवर तेच करून पाहिलं. पाती तडातड मोडल्या आणि बोटं सोलली. तिला जिन्यात रडताना शेजारच्या रत्नागिरीकर खुदेजाने पाहिलं.

"अगो, ही काय नारळाची पात हाय? रातभर पाण्यात ठेव, मग वळेल."

तेव्हापासून खुदेजाचा नवरा सिराज दर वर्षी सहम गावातल्या बागेतून पिकअपमध्ये झावळ्या टाकून आणायचा. "भाभी, तुमच्या गाढवाच्या सणाचा माल आलाय," असं खालूनच ओरडायचा. कारण गाढवावरून आलेल्या येशूची गोष्ट रेजिनाने त्यालाही सांगून ठेवली होती.

या वर्षी झावळ्या आल्या तेव्हा रेजिनाचे टब, बादल्या सगळं खोक्यांत गेलं होतं. म्हणून तिने पाती उत्तराकडे दिल्या. "गुरुवारी संध्याकाळी बाथटबमध्ये बुडव. विसरू नकोस."

उत्तरा विसरली. शुक्रवारी वर्गात तिने पिशवी उघडली, तेव्हाच रेजिनाला कळलं. पाती कडक, कोरड्या, मिटलेल्या. उत्तराचा चेहरा पडला. "सॉरी टीचर. ऑफिसमध्ये ऑडिट होतं..."

रेजिनाने एक पात घेतली, वाकवली. टक्कन मोडली. दुसरीही मोडली. मुलं "इट ब्रोक, इट ब्रोक" करू लागली, इव्हानाचे डोळे भरले. संधिवाताने सुजलेल्या बोटांकडे पाहत रेजिनाला वाटलं, शेवटचा वर्ग असाच जायचा होता. हिच्यावर सोपवायला निघाले होते मी.

तेवढ्यात उत्तरा उठली आणि चहाच्या टेबलाकडे गेली. किटलीतलं गरम पाणी तिने ट्रेमध्ये ओतलं, त्यात पाती आडव्या घातल्या, वरून आपली ओढणी ओली करून झाकली.

"हे तुला कोणी सांगितलं?" रेजिनाने विचारलं.

"तुम्हीच केलं होतं. मी सेकंडमध्ये असताना. सिराज अंकलची गाडी बंद पडली होती, पाती उशिरा आल्या होत्या. तुमची ओढणी हिरवी होती."

रेजिनाला गाडीचं आठवत होतं. ओढणीचं नाही.

पाती मऊ होईपर्यंत मुलांना गप्प बसवायचं होतं. उत्तरा चटईवर बसली आणि आपल्या तोडक्या मराठीत गाढवाची गोष्ट सांगू लागली. "मग येशू त्या गाढवावर बसली..."

"बसली नाही, मम्मा, बसला!" इव्हाना ओरडली. सगळी खिदळली. उत्तराही हसली आणि पुढे निघाली. बोलता बोलता तिने पहिली पात उचलली. दुमड, फिरव, आत खोच. ती हातांकडे बघतही नव्हती. क्रूस तयार झाला.

मागच्या रांगेतल्या यशने विचारलं, "बट आंटी, आज तर फ्रायडे आहे. मग झावळ्यांचा रविवार का म्हणायचं?"

हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच. उत्तरानेही विचारला होता, दोन वेण्या घालून.

उत्तराने क्रूस यशच्या हातात दिला. "कारण इथे आपला रविवार लवकर उगवतो. दोन दिवस आधी."

अगदी तसंच. रेजिनाच्याच शब्दांत, तिच्याच सुरात, मान किंचित तिरकी करूनसुद्धा.

वर्ग सुटला, मुलं क्रूस नाचवत पार्किंगकडे पळाली. रेजिनाने पर्समधून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढली आणि ओली ओढणी पिळणाऱ्या उत्तरासमोर धरली. उत्तराने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"टीचर, मी चुका करीन."

"मुलं सुधारतील. बघितलंस ना आत्ता."

उत्तराने ओढणी खांद्यावर टाकली आणि ओल्या हाताने किल्ली घेतली. रेजिना दारापर्यंत गेली, थांबली, वळली.

"आणि पुढच्या वर्षी पाती गुरुवारीच भिजव. दर वेळी काय किटली भरलेली नसते."