शेवटचा बी म्हणायचा नाही

मी अमेरिकेला निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर बाबा काचेच्या दाराबाहेरच थांबले. "पासपोर्ट हातातल्या बॅगेतच ठेव," एवढंच दोनदा म्हणाले. मी मान हलवली आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

दादा, फेब्रुवारीत बाबा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा माझा व्हिसा बदलायचा अर्ज पेंडिंग होता. देश सोडला तर तो रद्द होईल, असं वकील म्हणाले. बाबांना शेवटचं पाहिलं ते फोनवर. मध्येच व्हिडिओ अडकला, त्यांना फुलं वाहणारा तुझा हात हवेतच राहिला. कॉल कट झाल्यावर मी भांडी घासली. तू नंतर विचारलंस, "रडलीस का गं?" मी विषय बदलला.

इथे ॲन आर्बरच्या लायब्ररीत दर मंगळवारी दुपारी मी व्हॉलंटिअर म्हणून इंग्रजी शिकवते. लिन काकू माझ्याकडे येतात. नातवाला सांभाळायला चीनहून मुलाकडे आल्यात. चिनी लोकांसाठीच्या त्यांच्या पुस्तकात रोज एक शब्द असतो. बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी तो शब्द होता 'नम्', म्हणजे बधिर. त्या 'नंब' म्हणाल्या.

"शेवटचा बी म्हणायचा नाही," मी सांगितलं. "लिहायचा फक्त."

बर्फात हातमोजे काढले की बोटांचं काय होतं, ते मी हातांनी दाखवलं. त्या हसल्या. त्यांच्या गावाकडचे मिरे खाल्ले की जीभ अशीच होते म्हणे. मग थांबून, शब्द जुळवत म्हणाल्या, "हजबंड डाय. आय नो क्राय. वन इयर. धिस ऑल्सो नम्?"

"येस," मी म्हटलं. "करेक्ट."

आणि पुढे आपोआपच बोलले, "माय फादर डाइड. आय कुड नॉट गो."

हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात नाही, मराठी मंडळातल्या मैत्रिणींनाही नाही. काकू 'सॉरी' म्हणाल्या नाहीत. थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून माझ्यापुढे सरकवलं आणि मी पिईपर्यंत पुस्तक मिटून बसल्या.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून नागपूरच म्हणते. पण बाबा गेले, हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं ते त्या टेबलाशी, त्या बाईंसमोर. आईला एवढ्यात सांगू नकोस. परक्या माणसाजवळ रडले असं तिला वाटेल. आणि मी रडले नव्हते रे.