दाजींचे हळदीशी वैर

अख्ख्या सांगलीत हळदीशी उभे वैर धरलेला माणूस एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. हे आमचे दाजी. मूळचे पलूसचे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. नव्वदच्या दशकात बाकीचे प्राध्यापक बंगल्याचे स्लॅब टाकत होते, तेव्हा दाजींनी एक रसायन बनवायला घेतले. ते रसायन एरवी गप्प बसायचे. पण जिवंत पेशीतल्या एन्झाइमने त्याला तोडले, की निळ्या उजेडात हिरवे चमकायचे. मेलेल्या पेशीत चमक नाही. "पेशी जित्ती हाय का न्हाई, ते तिनं सोताच सांगाय पायजे, पाव्हणं!" असे ते मला जेवताना ताटावर टॉर्च मारून समजावत.

पहिल्याच प्रयोगात यीस्टच्या पेशी झगमगल्या. दाजींनी कॉलेजभर पेढे वाटले. मग खातरजमा म्हणून उकळून मारलेल्या पेशी पाहिल्या, तर त्या जास्तच झगमगल्या! आठवड्याने उलगडा झाला. हळदही त्या उजेडात तशीच चमकते, आणि दाजी पोहे खाऊन त्याच बोटांनी काचपट्ट्या पुसत होते.

त्या दिवसापासून घरात हळद बंद. वरण पांढरे, पोहे पांढरे, बटाट्याची भाजीही पांढरी. "दवाखान्यात जेवल्यागत वाटतंय," अक्का म्हणायची. हळदीच्या बाजाराकडून वारा सुटला की दाजी खिडक्या लावून घेत. एकदा तर यीस्ट थर्मासात भरून एसटीने आमच्याकडे साताऱ्याला आले, तिथली हवा स्वच्छ म्हणून. जावई आले म्हणून आईने दारातच कुंकू लावले. कुंकू हळदीचेच असते हे आठवून दाजी तसेच मागे फिरले. "आवं, च्या तरी घ्या!" आई ओरडत राहिली.

पुढे पुण्याहून उसना आणलेला सूक्ष्मदर्शक परत जायची वेळ आली, आणि नेमकी त्याच दिवशी दाजींच्या लेकीची हळद. दुपारी शेवटचा प्रयोग; सूक्ष्मदर्शक पुन्हा मिळायचा भरवसा नव्हता. दाजी मांडवात आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. सगळ्यांनी हळद लावली, बाप लांबच उभा. मला त्यांचा भयंकर राग आला. पोरगी मात्र हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आण्णा. तुमचा प्रयोग हाय."

दाजींनी हळदीच्या परातीत मनगटापर्यंत हात बुडवले.

दुपारी मी त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत गेलो. पेशी त्यांनी बाहेर काढल्याच नाहीत. खिडक्या लावल्या, निळा दिवा पेटवला आणि त्याखाली आपले हात धरले. दोन्ही हात झगमगत होते.

"पोरगी उद्या जाणार," दाजी म्हणाले. "हे कितीबी धुतलं तरी आठ दिस दिसंल न्हवं, पाव्हणं?"

मला रसायनशास्त्रातले ओ की ठो कळत नाही. मी हो म्हणालो.