फ्लोराची राळ

फ्लोराची बोटं कायम चिकट असत. मुलं दारातून आत आली की ती हात पुढे करी, प्रत्येकाच्या व्हायोलिनचा गज घेई आणि त्यावर राळ घाशी. राळ म्हणजे झाडाच्या चिकाचा पिवळट खडा. गजाला ती लागली नाही तर तो तारांवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही. तारांखाली पांढरी भुकटी दिसली की समजावं, हे व्हायोलिन वाजलेलं आहे. मी चौथी शिकलेली बाई. संगीतातलं मला एवढंच कळतं, तेही तिच्यामुळे.

नेतिवोत गावात आमच्या इमारतीखाली मिक्लात आहे, बॉम्बपासून लपायचं तळघर. तिथे तिने नव्वदच्या सुमारास गरीब मुलांसाठी फुकट वर्ग काढला. तिचा बाप मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा, त्याच्याकडे ती शिकली होती. मुलं मोरोक्कोवाल्यांची, रशियातून नुकत्याच आलेल्यांची, काही आमच्यातली, म्हणजे भारतातून इथे आलेल्या मराठी ज्यूंची. मी तळघर झाडत असे आणि चहा करत असे.

ती प्रेमळ वगैरे नव्हती. उशिरा आलेल्याला दारातून परत पाठवी. तुमचा मुलगा आळशी आहे, असं आयांना तोंडावर सांगे. पण वाईट वाजवलं म्हणून कुणाला रागावली नाही. "आवाज आला पाहिजे. वाईट आला तर दुरुस्त करता येतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. गावात तिला मांजरांची मास्तरीण म्हणत. ती म्हणे, मांजर ओरडतं ते खरं तरी ओरडतं.

पुढे काम वाढलं, शेजारच्या गावांत वर्ग निघाले. त्याची अमुता, म्हणजे नोंदणीची संस्था झाली आणि तेल अवीवहून गिल नावाचा व्यवस्थापक आला. फ्लोरा प्रमुख राहिली ती नावापुरती. परदेशातले देणगीदार येणार ठरले तेव्हा गिलला स्टेजवर चाळीस मुलं हवी होती. वाजवता येत होतं दहाबारा जणांना. बाकीच्यांनी गज नुसते हलवायचे, त्यांचे गज नवे आहेत, राळ लावू नका, कुणाला कळणार नाही, असं त्याने तिला हसत हसत सांगितलं. त्या बाकीच्यांत माझी नात ओरित होती, आठ वर्षांची, नुकती शिकायला लागलेली.

आदल्या संध्याकाळी फ्लोरा ते सगळे नवे गज घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि एकेकावर राळ घासत बसली.

मी म्हटलं, "अगं, हाकलतील तुला. वर्ग जाईल तुझा."

"जाऊ दे."

"आणि पोरांची फजिती होईल ती?"

"एस्तर, आज त्यांच्या हातात मुका गज दिला तर मोठी होऊन ती तेच करतील. नुसते हात हलवतील." मग म्हणाली, "चहा टाक. साखर कमी."

दुसऱ्या दिवशी भयंकर आवाज झाला. पाहुणे आधी दचकले, मग हसले. ओरित रडत खाली उतरली. फ्लोराने तिच्या गालावर चिकट हात ठेवला. "तू वाजवलंस," एवढंच म्हणाली.

आठवड्याच्या आत तिच्याकडून तळघराची किल्ली काढून घेतली. आईबाप म्हणाले, बरं झालं, तिने आमच्या मुलांचं हसं केलं. मी गिलला जाऊन चार शब्द सुनावले. त्याने मला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

फ्लोरा पेताह तिक्वाला भावाकडे गेली. अमुतेतून तिला कुणी कधी फोन केला नाही. ती तिथेच वारली. आमच्या ज्यूंत पुरताना प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यातले दोन रस्त्यावरून बोलावून आणावे लागले.

मग अमुतेला ती आठवली. तिच्या नावाने मोठा कार्यक्रम ठेवला, स्टेजवर तिचा भिंतभर फोटो. ओरित आता अमुतेच्या कचेरीत कामाला आहे, सगळी व्यवस्था तिचीच. तिने मला पहिल्या रांगेत बसवलं. स्टेज मुलांनी भरलं होतं. सगळ्यांचे हात एकसारखे हलत होते. आवाज थोड्यांचाच येत होता.

संपल्यावर मी गुडघे धरत स्टेजवर चढले आणि मागच्या ओळीतल्या एका मुलीचं व्हायोलिन हातात घेऊन पाहिलं. तारांखाली भुकटीचा कणसुद्धा नव्हता.

मी ओरितला मराठीत विचारलं, "यांना राळ कुणी लावली नाही?"

ती हिब्रूत म्हणाली, "आजी, हळू बोल. देणगीदार बसलेत."