अर्बाबचं बेंच आणि पेटीचा प्लाय

अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकाला, बेंच हवं होतं. शुक्रवारी सुट्टीला वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, जाऊन नेमबाजी करायची हौस. बेंच घडी घालून पिकअपमध्ये टाकता आलं पाहिजे, आणि वर बंदूक टेकली की तसूभर हलता कामा नये. ओमानमधल्या इब्रा गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दारं नि किचनची कपाटं करायचो. असलं काम पहिल्यांदाच आलं होतं.

फोरमन आमच्याच बाजूचा, रायगडच्या किनाऱ्यावरचा. बोटाच्या पेरांनी एकेक प्लाय ठोकत फिरला. कमर्शियल आतून पोकळ वाजला. शटरिंगचा एवढा जड की घडीचं बेंच करून उचलणार कोण? मग त्याने कोपऱ्यातला अठरा एमएमचा मरीन प्लाय ठोकला. भरीव. तेवढा एकच उरला होता.

"त्याला हात लावू नको," मी म्हटलं. "तो पेटीच्या तळाचा आहे."

माझा रूममेट, चिपळूणकडचा वेल्डर, परांचीवरून पडून मेला होता. हॉस्पिटलच्या शवागारात होता, कागद झाले की विमानाने गावी जायचा होता. आमच्यातला कोणी गेला की पेटी आम्हीच करायची, विकत आणायची नाही. त्याच्या बायकोला मी फोनवर शब्द दिला होता, "वहिनी, नीट पाठवतो." पोकळ प्लायचा तळ उचलताना फाटला तर?

"मेलेल्याला काय कळतंय, कुठला प्लाय ते," फोरमन म्हणाला. "अर्बाब जिवंत आहे, तो माझी मान धरेल. यल्ला, बाजूला हो!"

करवतीचं मशीन सुरू झालं. मी पोचेपर्यंत आठ फुटी प्लायचे दोन तुकडे पडले होते.

माझं डोकंच फिरलं. "हरामखोरा, चार फुटांत माणूस मावतो का रे?" म्हणत मी त्याच्या थोबाडावर ठोसा मारला. त्याने लोखंडी क्लॅम्प उचलून माझ्या कपाळावर हाणला. डोळ्यात रक्त उतरलं, तरी मी सोडला नाही. भुशात पाडला, छातीवर बसलो, त्याचा ओठ फाटेस्तोवर मारला. बाकीचे जेवायला गेलेले, सोडवणार कोण? जीवच घेतला असता त्याचा, खोटं कशाला बोलू. हात थकले म्हणून थांबलो.

तो उठला. बाजूला थुंकला. "बेंचचं मी बघतो," एवढंच म्हणाला. दोन्ही तुकडे जमिनीवर एकमेकांना भिडवले, सांधायला सागाची पट्टी शोधून आणली आणि पलीकडचं टोक धरून बसला. मी ड्रिल घेतलं, पट्टी सांध्यावर ठेवली.

"आतून नको," तो म्हणाला. फाटक्या ओठाने धड बोलताही येत नव्हतं. "बाहेरून मार. पाठीला टोचेल त्याच्या."

मी तळ उलटा केला आणि रडत रडत स्क्रू पिळले.